डबल बेल कोण देतं? पांढऱ्या पेशींना हलवणाऱ्या एका एन्झाइमची गोष्ट

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला रक्ताचा कर्करोग निघतो. डॉक्टर म्हणतात, सलाईनमधून केमो द्यायची गरज नाही, रोज गोळी घ्यायची. गोळीचं नाव इब्रुटिनिब, किंवा तिच्याच कुळातलं अकॅलाब्रुटिनिब. रात्री सगळे झोपल्यावर मुलगी मोबाइलवर ते नाव शोधते आणि पहिल्याच ओळीला अडखळते. रोगप्रतिकारक पेशींना जागं करणारं एक एन्झाइम हे औषध बंद पाडतं, असं तिथं लिहिलेलं असतं. दुसऱ्या दिवशी ती घाबऱ्या आवाजात विचारते, "आधीच आजारी असलेल्या बाबांची प्रतिकारशक्ती आपणच मोडायची?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर कळायला वॉशिंग्टनमधल्या एका आठ वर्षांच्या मुलापर्यंत मागं जावं लागतं.

एन्झाइम म्हणजे काय, आणि कायनेज म्हणजे काय?

एन्झाइम म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं विकर. आपण त्याला पचनावरून ओळखतो, लाळेतलं विकर स्टार्च फोडतं वगैरे. पण पेशीच्या आत एन्झाइमांची एक वेगळीच जमात आहे, तिचं काम निरोप पोचवण्याचं. या जमातीला कायनेज म्हणतात. माणसाच्या जनुकांत पाचशेहून अधिक कायनेजांच्या कृती लिहिलेल्या आहेत.

कायनेज करतं एवढंच, की पेशीच्या इंधनातून फॉस्फेटचा एक छोटा गट उचलून दुसऱ्या प्रथिनावर नेमक्या जागी चिकटवतं. फॉस्फेटवर ऋण विद्युतभार असतो. तो चिकटला की प्रथिनाची घडी बदलते आणि झोपलेलं प्रथिन कामाला लागतं. अनेकदा हे दुसरं प्रथिनही कायनेजच असतं, मग ते तिसऱ्याला जागं करतं. फॉस्फेट काढून घेणारी एन्झाइमंही शेजारीच असतात, त्यामुळं निरोप फार वेळ घुमत राहत नाही. हे चिकटवणं आणि काढणं शोधल्याबद्दल एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांना 1992 चं नोबेल मिळालं.

प्रथिन म्हणजे छोट्या कणांची माळ. आपल्या गोष्टीतलं कायनेज फॉस्फेट चिकटवतं ते त्यातल्या टायरोसिन नावाच्या कणावर. टायरोसिनवर असं काही घडतं हेच 1979 पर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या साल्क संस्थेत टोनी हंटर यांनी एका प्रयोगात जुनंच द्रावण पुन्हा वापरलं. ते शिळं होऊन त्याची आम्लता किंचित वाढली होती, आणि तेवढ्यामुळंच एरवी एकात एक मिसळणारे दोन ठिपके वेगळे दिसले. त्यातला एक ठिपका फॉस्फेट लागलेल्या टायरोसिनचा होता. आजच्या कर्करोगाच्या कित्येक गोळ्यांची वाट त्या शिळ्या द्रावणातून गेली, हे मला दरवेळी नव्यानं थक्क करतं.

एसटीची दोरी

आता एक ओळखीचं चित्र डोळ्यांसमोर आणा. जुनी लाल एसटी, छताखालून पुढंपर्यंत गेलेली दोरी, ड्रायव्हरच्या डोक्याशी घंटा. कंडक्टरनं एकदा दोरी ओढली की गाडी थांबणार. दोनदा ओढली, डबल बेल, की गाडी सुटणार. ड्रायव्हर मागं वळून बघत नाही. मागं कोण चढलं, कोण उतरलं, हे त्याला फक्त घंटेवरून कळतं.

पांढऱ्या पेशीचं असंच असतं. बाहेर कोणता जंतू आलाय हे पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहक प्रथिनाला कळतं. काय करायचं ते ठरतं पेशीच्या पोटात, केंद्रकात, जिथं जनुकं असतात. मधलं अंतर कापणारी दोरी म्हणजे ही कायनेजांची साखळी.

पांढऱ्या पेशींतल्या ज्या अँटिबॉडी बनवतात त्यांना बी पेशी म्हणतात. त्यांच्या दोरीत लिन, सिक आणि बीटीके अशी कायनेजं ओळीनं येतात. ग्राहकाला जंतू चिकटला की लिन जागं होतं, ते सिकला जागं करतं, मग बीटीके हलतं. बीटीके पुढच्या एन्झाइमला ढकलतं, आणि काही सेकंदांत पेशीत कॅल्शियमची लाट उसळते. ती लाट म्हणजे घंटा. बीटीके हा या दोरीतला एक दुवा, आणि आपली गोष्ट त्याचीच आहे.

एकोणीस वेळा जंतुदोष झालेला मुलगा

1952 साली वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयातले बालरोगतज्ज्ञ कर्नल ऑग्डेन ब्रुटन यांनी एका आठ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. चार वर्षांहून थोड्या अधिक काळात त्या मुलाच्या रक्तात 19 वेळा जंतुदोष पसरला होता. त्यांतल्या दहा वेळा रक्तात न्यूमोकॉकस, म्हणजे न्यूमोनिया करणारा जंतू, सापडला, तोही आठ वेगवेगळ्या प्रकारांचा. एकदा होऊन गेलेल्या आजारानं शरीर काही शिकतच नव्हतं. लस टोचून पाहिली, तरी रक्तात अँटिबॉडी तयार होईनात.

ब्रुटन यांनी मुलाच्या रक्तातली प्रथिनं विजेच्या प्रवाहात वेगळी करून पाहिली. तेव्हा हे तंत्र नवं होतं. आलेखात गॅमा ग्लोब्युलिनचा उंचवटा, म्हणजे अँटिबॉडींची जागा, सपाट होती. बाकी सगळी प्रथिनं जवळजवळ नेहमीसारखीच. मग त्यांनी दुसऱ्या माणसांच्या रक्तातून काढलेलं गॅमा ग्लोब्युलिन दर महिन्याला टोचायला सुरुवात केली आणि वर्षभर मुलगा त्या तापांपासून सुटला.

कारण कळायला आणखी चार दशकं गेली. 1993 मध्ये दोन स्वतंत्र गटांनी एकाच सुमारास शोधून काढलं, की या मुलांत एक्स गुणसूत्रावरचं एक जनुक बिघडलेलं असतं आणि ते जनुक एका टायरोसिन कायनेजचं आहे. त्याला नाव मिळालं ब्रुटन टायरोसिन कायनेज, म्हणजेच बीटीके. 659 कणांच्या माळेच्या या प्रथिनात कुठंतरी एक चूक, आणि शरीरात बी पेशी जवळजवळ नाहीतच.

पण दोरी तुटली तर पेशी निदान तयार तरी व्हायला हव्यात ना?

इथं बहुतेकांचा गोंधळ होतो. बीटीके जर निरोप्या असेल, तर ते नसताना पेशी जन्माव्यात आणि फक्त झोपून राहाव्यात, असं वाटतं. प्रत्यक्षात त्या मुलांच्या रक्तात बी पेशी नसतातच म्हटलं तरी चालेल. टॉन्सिलही अगदी इवलेसे असतात, कारण टॉन्सिल भरतात ते मुख्यतः याच पेशींनी. अनुभवी बालरोगतज्ज्ञ सतत आजारी पडणाऱ्या मुलाला तोंड उघडायला लावून टॉन्सिल बघतात, त्यामागं हेही एक कारण आहे.

बी पेशी बोनमॅरोत घडतात. घडताना प्रत्येक पेशी आपल्या अँटिबॉडीच्या जनुकाचे तुकडे कापून, पिसून पुन्हा जोडते. गोधडी शिवणारी आजी कापडाचे तुकडे उचलते, तसंच. म्हणूनच प्रत्येक पेशीचं ग्राहक वेगळं निघतं आणि कधीही न पाहिलेल्या जंतूलाही कुणीतरी ओळखणारं सापडतं. या कापाकापीत चुका मात्र खूप होतात. बऱ्याच पेशींचे तुकडे असे जुळतात की त्यातून धड प्रथिनच बनत नाही.

म्हणून बोनमॅरोत चाचणी घेतली जाते. ग्राहकाचा अर्धा भाग तयार झाला की पेशी तो पृष्ठभागावर आणते. तो नीट बसला तर त्याच दोरीवरून आत घंटा वाजते, आणि पेशीला वाढायची, उरलेला अर्धा भाग शिवायची परवानगी मिळते. घंटा वाजली नाही तर पेशी मरते. बीटीके नसलेल्या मुलात चांगलं ग्राहक बनवलेल्या पेशीचीही घंटा वाजत नाही. बोनमॅरोला वाटतं, हीसुद्धा चुकलेलीच. आगारातून एकही गाडी बाहेर पडत नाही.

तीच दोरी पेशी घडताना परवानगी देते आणि पुढं वर्षानुवर्षांनी जंतू आल्यावर लढाईचा निरोपही देते. या साऱ्या विषयात मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच.

मग डबल बेल कशाला?

आपल्याच शरीरातल्या एखाद्या प्रथिनाला बी पेशी चुकून चिकटली तर? तेव्हाही दोरी ओढली जाईल. म्हणून शरीरानं दुसरी घंटा ठेवली आहे. बी पेशी सापडलेला तुकडा आपल्या अंगावर मांडून टी पेशीला, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या दुसऱ्या एका प्रकाराला, दाखवते. टी पेशीलाही तो परका वाटला तर ती दुसरा निरोप देते. दोन्ही मिळाले तरच बी पेशीची संख्या वाढते आणि कसदार अँटिबॉडी बनू लागतात. नुसती पहिली घंटा वाजून दुसरी आलीच नाही, तर पेशी बहुधा गप्प होते किंवा मरते. एसटीत एक घंटा म्हणजे थांबा, तसंच. काही जंतूंसाठी एकाच घंटेवर चालणारी आडवाटही आहे, पण मुख्य रस्ता दोन घंटांचाच.

पहिले सहा महिने मूल ठणठणीत कसं राहतं?

आईमुळं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईच्या अँटिबॉडी वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात. ती शिदोरी साधारण सहा महिन्यांत संपत येते. मग कान वाहणं, न्यूमोनिया, जुलाब सुरू होतात. प्रत्येक आजार सुटासुटा पाहिला तर सगळ्याच मुलांना होणारा वाटतो. निदानाला वर्षं लागतात ती यामुळंच.

हा आजार जवळजवळ फक्त मुलग्यांना होतो. मुलग्यात एक्स गुणसूत्र एकच असतं, तेच बिघडलं तर पर्यायी प्रत नाही. ते एक्स येतं आईकडून. म्हणून डॉक्टर आजोळची चौकशी करतात. कुणी मामा लहानपणी तापानं गेला होता का, मावशीच्या मुलाला असं काही होतं का? या प्रश्नांचा घरात भलता अर्थ लावला जातो आणि सुनेला बोल लागतो. हे थांबायला हवं. बऱ्याच मुलांत हा बदल घराण्यात कुठंही नसताना नव्यानंच झालेला असतो. आईकडून आलेला असला तरी तो तिनं निवडलेला नसतो.

अशा आईच्या शरीरात मात्र एक विलक्षण गोष्ट घडलेली असते. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र बंद असतं, कोणतं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. म्हणजे तिच्या निम्म्या बी पेशींत बिघडलेलं एक्स चालू असायला हवं. रक्त तपासलं तर सगळ्या बी पेशींत चांगलंच एक्स चालू सापडतं. बाकीच्या पेशी बोनमॅरोतली चाचणी कधी पार करूच शकल्या नाहीत. जनुक सापडण्याआधी वाहक माता ओळखायला शास्त्रज्ञांनी हाच धागा वापरला.

ज्याच्या अभावानं मूल आजारी पडतं, ते मुद्दाम का बंद करायचं?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडं येऊ. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्यूकेमिया, ज्याला डॉक्टर सीएलएल म्हणतात, हा बी पेशींचाच कर्करोग. बहुतेक उतारवयात होणारा. यातल्या पेशींच्या दोरीवर सतत ताण असतो. जंतू नसतानाही घंटा वाजत राहते आणि त्या आवाजावरच त्या पेशी जगतात. दोरीतला एक दुवा धरून ठेवला तर त्या उपाशी पडतील.

दुवा धरायचा तर शरीरातल्या इतर कशाला धक्का लागता कामा नये. बीटीकेशिवाय माणूस जगू शकतो का? हे ठरवायला प्रयोगाची गरजच नव्हती. ब्रुटन यांच्या आजाराची मुलं ग्लोब्युलिनच्या आधारानं मोठी होत होती. त्यांचं हृदय, मेंदू, यकृत बीटीकेवाचून चालत होतं. उणीव होती ती बी पेशींची. त्या मुलांच्या आजारपणानं औषध शोधणाऱ्यांना नकाशाच काढून दिला होता. इब्रुटिनिबला अमेरिकेत पहिली मान्यता नोव्हेंबर 2013 मध्ये मिळाली, जनुक सापडल्यानंतर बरोबर वीस वर्षांनी.

इब्रुटिनिब बीटीकेच्या माळेतल्या 481 व्या कणाला, सिस्टीनला, कायमचं चिकटतं. कर्करोगाच्या पेशीही स्वस्थ बसत नाहीत. काही रुग्णांत काही वर्षांनी नेमका तो एक कण बदलतो आणि औषधाला पकड मिळत नाही. मग त्या कणावर अवलंबून नसलेलं पिर्टोब्रुटिनिब आलं, त्याला 2023 मध्ये मान्यता मिळाली.

मग बाबांच्या अँटिबॉडी संपणार का?

सगळ्या नाही. आयुष्यभरात ज्या आजारांशी आणि लसींशी गाठ पडली, त्यांच्या अँटिबॉडी बनवणाऱ्या दीर्घायुषी पेशी बोनमॅरोत बसलेल्या असतात. त्यांची डबल बेल केव्हाच वाजून गेलेली असते, त्यांना आता बीटीकेची गरज पडत नाही. त्यामुळं जुनं संरक्षण बरंचसं टिकतं. अडतं ते नवं शिकणं. या गोळ्या घेणाऱ्यांत कोविडची लस कमी लागू पडली, ती याच कारणानं. जंतुसंसर्गाचा धोकाही वाढतो, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. शक्य त्या लसी गोळी सुरू होण्याआधी घ्याव्यात असं डॉक्टर सांगतात ते त्यासाठी.

आणखी एका गोष्टीनं घरचे हादरतात. गोळी सुरू झाल्यावर मानेतल्या गाठी विरघळू लागतात, पण रक्ताच्या रिपोर्टात पांढऱ्या पेशी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेल्या दिसतात. सीएलएलमध्ये हे अपेक्षित असतं. गाठींत दडून घंटेवर जगणाऱ्या पेशींना आता तिथं थांबता येत नाही, त्या रक्तात येऊन पडतात आणि हळूहळू मरतात. त्याला काही आठवडे, काही महिनेही लागतात. रिपोर्ट बघून गोळी मनानं बंद करू नये.

हे फक्त बी पेशींपुरतं आहे का?

नाही. टी पेशींच्या दोरीत एलसीके आणि झॅप-70 ही कायनेजं आहेत. पेशींमधल्या संदेशद्रव्यांचे निरोप आत नेणारा जॅक कायनेजांचा वेगळा गट आहे. त्यातलं जॅक-3 जन्मतः नसेल तर बाळाला टी पेशीच नसतात, आणि बोनमॅरो बदलल्याशिवाय ते बाळ सहसा जगत नाही. हे 1995 मध्ये उलगडलं. इथंही तीच विचारसरणी कामाला आली. जे नसताना प्रतिकारयंत्रणाच ढासळते, ते थोडंसं दाबलं तर स्वतःच्याच सांध्यांवर उठलेली यंत्रणा शांत होईल. त्यातून संधिवातासाठी टोफासिटिनिबची गोळी आली, 2012 मध्ये. याच गटातलं बॅरिसिटिनिब 2021 च्या कोविड लाटेत आपल्याकडं वापरलं गेलं, भडकलेली यंत्रणा आवरण्यासाठी.

बीटीके बी पेशींबाहेरही आहे. त्वचेतल्या मास्ट पेशींत ते ॲलर्जीची घंटा वाजवतं. महिनोन्‌महिने अंगावर गांधी उठत राहतात, त्या जुनाट पित्तासाठी बीटीके रोखणारी रेमिब्रुटिनिब ही गोळी 2025 मध्ये अमेरिकेत मान्य झाली.

म्हणजे "इम्युनिटी वाढवा" म्हणतात ते काय?

काढा, चूर्ण, सरबत, सगळ्यांवर हे शब्द छापलेले असतात. पण वाढवायचं म्हणजे नेमकं काय? सीएलएलमध्ये घंटा जास्त वाजते, संधिवातात जास्त वाजते, गांधी उठतात तेव्हाही जास्तच वाजते. टाकीत पाणी भरावं तशी प्रतिकारशक्ती भरता येत नाही. योग्य पेशीला योग्य वेळी दोन घंटा मिळणं आणि काम झाल्यावर त्या थांबणं, एवढं सांभाळावं लागतं. लस हेच करते, म्हणून मी तिच्यावर विश्वास ठेवतो.

घरात लक्षात ठेवायच्या गोष्टी

एखाद्या मुलाला वर्षात दोन-तीनदा न्यूमोनिया झाला, कान सतत वाहतो, आणि टॉन्सिल दिसतच नाहीत, तर रक्तातल्या अँटिबॉडी मोजून घ्या. ही तपासणी अवघड नाही. पुढची तपासणी मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेत होते, तिथं या आजारांवर अनेक वर्षं काम चालू आहे. उपचार आजही ब्रुटन यांचाच आहे, हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेलं ग्लोब्युलिन, दर तीन-चार आठवड्यांनी, आयुष्यभर. तो महाग आहे. 2021 च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात या आजाराचा समावेश आहे, त्यामुळं मदतीची चौकशी जरूर करावी.

घरात आधीचं बाळ जंतुसंसर्गानं गेलं असेल तर पुढच्या बाळाला बीसीजी किंवा पोलिओचे थेंब देण्यापूर्वी डॉक्टरांना ते सांगा. या दोन्हींत जिवंत पण दुबळे केलेले जंतू असतात. निरोगी बाळाला ते सोसतात आणि त्याला ते हवेतच. टी पेशी नसलेल्या बाळात बीसीजीचा जंतू अंगभर पसरू शकतो. बीटीके नसलेल्या बाळाला तोंडातून द्यायचा पोलिओ डोस टाळून इंजेक्शनची लस देतात.

संधिवातासाठी टोफासिटिनिबसारखी जॅक दाबणारी गोळी लिहून दिली असेल तर टीबीची तपासणी आधी झाली आहे ना, हे विचारा. आपल्याकडं अनेकांच्या शरीरात टीबीचा जंतू झोपलेला असतो आणि या गोळीनं तो जागा होऊ शकतो.

आणि बाबा इब्रुटिनिब घेत असतील तर दात काढायला नेताना दंतवैद्याला आधी सांगा. या गोळीनं रक्त लवकर थांबत नाही. ब्रुटन यांच्या आजाराच्या मुलांना असा रक्तस्रावाचा त्रास नसतो. म्हणजे हा दोष एकट्या बीटीकेच्या अडवणुकीचा नाही, गोळी त्याच्या भावंडांसारख्या दिसणाऱ्या इतर कायनेजांनाही धरते. नव्या गोळ्या हा नेम अधिक अचूक साधतात. तरीही दात काढण्याआधी गोळी किती दिवस थांबवायची, हे कर्करोगाचे डॉक्टरच ठरवतील. त्यांचा फोन नंबर बाबांच्या खिशात चिठ्ठीवर लिहून ठेवा.